पार फुटण्याआधीचा काळ

"पानी पडे, बोडी भरे, बाया रोवन्याले जात. अन् एका राती पार फुटली."

आईचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. पार म्हणजे पाळ, तळ्याचा मातीचा बांध. आमच्या झाडीपट्टीत ळ टिकत नाही, त्याचा र होतो. डोळ्याचा डोरा होतो तसा पाळीचा पार. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. भंडारा जिल्ह्यात धान पिकतं ते बोड्यांच्या आणि तलावांच्या जिवावर. मालगुजारांच्या काळातल्या मोठ्या तलावांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. त्यातली दोन आद्याक्षरं उचलून लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. माझी भाची लहान असताना तिला वाटे की हे सगळे तलाव माझेच आहेत.

ही भाची पुण्यात स्पॅनिश शिकते. यंदा सुट्टीत आली तेव्हा ओसरीवर वही उघडून बसली होती. म्हणाली, "मामा, स्पॅनिशमध्ये एक भूतकाळ असा आहे की त्यात फक्त तीनच क्रियापदं अनियमित आहेत. हजारो क्रियापदं सरळ, आणि तीनच वाकडी. आणि त्याच्या शेजारचा दुसरा भूतकाळ बघ, सगळा वाकडाच. असं कसं?"

मी आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं. स्पॅनिशचा आणि माझा संबंध तिच्या वहीपुरता. पण तक्ता बघितला आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. कारण तिने विचारलेला प्रश्न आईच्या त्या एका वाक्यात जसाच्या तसा बसलेला होता.

आधी तिच्या वहीतलं सांगतो. स्पॅनिशमध्ये क्रियापदांची तीन कुळं: 'आर'ने संपणारी, 'एर'ने संपणारी आणि 'इर'ने संपणारी. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे जगणं किंवा राहणं. (त्यांच्याकडे ब आणि व ही दोन अक्षरं सारखीच वाचतात, म्हणून मी सगळीकडे ब लिहितो आहे. दोन स्वरांमधला हा ब ओठ पुरते न मिटता काढायचा असतो. आपल्या कानाला तो पुष्कळदा व वाटतो.) ज्या काळाविषयी ती विचारत होती त्यात पहिल्या कुळाला 'आबा' लागतं आणि उरलेल्या दोघांना 'इआ'. आब्लाबा, कोमिआ, बिबिआ. 'मी' आणि 'तो' यांची रूपं एकच. आपल्याकडेही 'मी बसे' आणि 'तो बसे' एकच.

आणि ते तीन चुकार: सेर म्हणजे असणं, त्याचं होतं एरा. इर म्हणजे जाणं, त्याचं इबा. बेर म्हणजे पाहणं, त्याचं बेइआ. नियमाने गेले असते तर सिआ, इआ, बिआ झाले असते. झाले नाहीत.

या काळाला स्पॅनिश व्याकरणात 'अपूर्ण' म्हणतात, आणि इथेच आपल्या पोरांना पहिली ठेच लागते. शाळेतल्या मराठीत अपूर्ण भूतकाळ म्हणजे 'तो जात होता'. 'तो जात असे' हा वेगळा, त्याचं नाव रीती भूतकाळ. स्पॅनिशमध्ये दोन्ही एकाच घरात राहतात. इबा म्हणजे जात होता, इबा म्हणजे जात असे, आणि इबा म्हणजे जायचासुद्धा. पाठ्यपुस्तक स्पॅनिशचं असो की मराठीचं, नावावर विसंबून चाललं की अर्धा अर्थ हातून जातो.

भाचीचं पुस्तक इंग्रजी माध्यमाचं. त्यात या काळाला सहा पानं दिली होती: केव्हा हा भूतकाळ वापरावा, केव्हा दुसरा, सवय असेल तर हा, एकदाच घडलं असेल तर तो, वर्णन असेल तर हा. इंग्रजीत 'गेला' आणि 'जात असे' या दोहोंना पुष्कळदा एकच रूप चालतं, म्हणून त्या वाचकाला सहा पानं लागतात. मराठी माणसाला त्यांची गरज नाही. मी तिला म्हटलं, पुस्तक मिट आणि आजीचं वाक्य घे. पडे, भरे, जात: हे तिन्ही स्पॅनिशच्या अपूर्ण काळात जातील. फुटली: हे एकटं दुसऱ्या भूतकाळात जाईल. तिने लिहून काढलं. पाऊस पडे, योबिआ. बोडी भरे, से येनाबा. बाया जात, इबान. आणि पार फुटली, से रोंपिओ. एकदाही अडखळली नाही. पहिली तीन क्रियापदं म्हणजे मागचा पडदा, चौथं म्हणजे त्यावर घडलेली गोष्ट. ही वाटणी आईला कुणी शिकवली नव्हती. ती बोलीतच होती.

आणखी खुणाही सापडतात. स्पॅनिशमध्ये 'जाणून असणं' या अर्थाचं क्रियापद साबेर. अपूर्ण काळात साबिआ म्हटलं की 'मला माहीत होतं', आणि दुसऱ्या भूतकाळात सुपे म्हटलं की 'मला कळलं'. एकच धातू, काळ बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतून शिकणारा याला अपवाद म्हणून पाठ करतो. आपण माहीत असणं आणि कळणं हे दोन शब्द रोज वेगळे वापरतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ओळखीचंही तेच: कोनोसिआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसी म्हणजे ओळख झाली.

एक तर मला फारच आवडलं. स्पेनमध्ये दुकानात जाऊन 'मला कॉफी हवी' असं थेट म्हणणं जरा रोखठोक वाटतं. म्हणून माणसं अपूर्ण भूतकाळ वापरतात: केरिआ उन काफे. शब्दशः, मला एक कॉफी हवी होती. भाचीच्या पुस्तकात या जागी 'सौजन्याचा अपूर्ण' अशी चौकट होती. अहो, आमच्या चौकातल्या किराणा दुकानात उभे राहा. "पाव किलो साखर पाहिजे होती." "जरा काम होतं तुमच्याकडे." साखर आत्ता पाहिजे, काम आत्ता आहे, तरी क्रियापद भूतकाळात. मागणी जरा मागे सरकवली की तिची धार कमी होते, ही युक्ती दोन्हीकडे आहे.

आता त्या तीन चुकारांकडे वळू.

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये हा काळ 'बम्' लावून होत असे: अमाबम् म्हणजे मी प्रेम करत होतो. हा 'बम्' कुठून आला याबद्दल बहुतेक अभ्यासकांचं मत असं की तो 'असणे-होणे' अर्थाच्या एका जुन्या धातूचा झिजलेला तुकडा आहे. तो धातू संस्कृतात भू म्हणून आपल्या ओळखीचा आहे. म्हणजे अमाबम् हा मुळात 'प्रेम करत' अधिक 'होतो' असा जोडशब्द. आणि मराठीतला 'होतो' कुठून आला? होणे हे भवतिपासून, म्हणजे त्याच भू धातूपासून. पाचसहा हजार मैलांच्या अंतराने वाढलेल्या दोन भाषांनी 'बोलत होता' म्हणायला एकाच खाणीतला दगड आणला. स्पॅनिशने तो इतका घासला की आब्लाबामधल्या 'बा'त तो आता दिसत नाही. आपल्या 'बोलत होता'मध्ये तो अजून वेगळा उभा आहे.

पुढे 'एर' आणि 'इर' कुळातल्या शब्दांमधला हा ब गळून पडला. याचं कारण साधारणपणे असं दिलं जातं की काही फार वापरातल्या शब्दांत दोन ब जवळजवळ येत होते, आबेबम्‌सारखे. जीभ कंटाळली, दुसरा ब तिने सोडला, आणि मग ही सवय पूर्ण कुळाला लागली. एबा, एआ, इआ. पण इर हा एवढासा धातू, आणि त्याचं लॅटिन रूप होतं ईबम्. त्याने ब सोडला नाही. सोडला असता तर उरलं काय असतं? नुसते दोन स्वर. म्हणून इबा. आज तो अनियमित म्हणून वेगळ्या चौकटीत बसवला जातो, पण जुन्या नियमाला धरून राहिलेला या कुळात तो एकटाच. नियम बदलला तो बाकीच्यांनी.

बेरची गोष्ट आणखी साधी. जुन्या स्पॅनिशमध्ये हा शब्द बेएर असा होता, दोन ए असलेला. बेएरचं बेइआ हे अगदी नियमाप्रमाणे. नंतर मूळ शब्द आखडून बेर झाला, पण बेइआला कुणी हात लावला नाही. गाव उठून दुसरीकडे वसतं आणि शिवाराला मात्र जुनंच नाव राहतं, तसं.

एरा सगळ्यात जुना. लॅटिनमध्ये एरम्, आणि त्याच्याही आधी त्यातल्या र च्या जागी स होता. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या कात्रीत सापडलेल्या स चा र होऊन जाई. स परत ठेवून बघा: एसा, एसम्. संस्कृतच्या पहिल्या धड्यातल्या 'आसीत्'शी त्याचं नातं लगेच दिसतं. धातू एकच, अस्. इर हा संस्कृतातल्या इ धातूचा, 'एति' म्हणजे जातो, त्याचा भाऊ. आणि बेर हा लॅटिन विदेरेपासून आलेला, म्हणजे आपला विद्: वेद, विद्या यांतला. पाहणं आणि जाणणं यांचं नातं तिकडे पाहण्याकडे झुकलं, इकडे जाणण्याकडे. असणं, जाणं, पाहणं. या तिघांची यादी समोर ठेवली तेव्हा भाची म्हणाली, "म्हणजे हे तिघंही आपल्या गावचे." मी म्हटलं, गावचे नव्हे, पण पाहुणे तरी नक्की.

जे शब्द दिवसात शंभर वेळा तोंडात येतात त्यांची जुनी रूपं सुटत नाहीत. जे वर्षातून दोनदा येतात त्यांचं जुनं रूप कुणाला आठवत नाही, मग माणूस नियम लावून मोकळा होतो. स्पॅनिश पोरं 'मला माहीत आहे' यासाठी से म्हणण्याऐवजी साबो म्हणून जातात. आपली पोरं 'मी करलं' म्हणतात. दोघांनाही आई टोकते, आणि रोज टोकते, म्हणून 'केलं' जिवंत आहे.

भाचीच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला: शेजारचा भूतकाळ सगळा वाकडा का? स्पॅनिशमध्ये आसेरचं इसे (केलं), देसिरचं दिखे (म्हणालो), बेनिरचं बीने (आलो), पोनेरचं पुसे (ठेवलं), तेनेरचं तुबे, इरचं फुई. आणि कमाल म्हणजे सेरचंही फुईच. 'मी होतो' आणि 'मी गेलो' एकाच शब्दात. कुठला अर्थ ते वाक्य सांगेल.

मी तिच्या तक्त्याशेजारी आपला तक्ता मांडला. जा, गेला. ये, आला. हो, झाला. कर, केला. मर, मेला. दे, दिला. घे, घेतला. खा, खाल्ला. सांग, सांगितला. घाल, घातला. यातलं एक तरी नियमात बसतं का? आणि आता याच धातूंचा रीती भूतकाळ: जाई, येई, होई, करी, मरे, देई, घेई, खाई, सांगे, घाली. एकाचाही धातू बदलत नाही.

म्हणजे स्पॅनिशमधला गोंधळ आणि मराठीतला गोंधळ एकाच जागी आहे, आणि स्वच्छताही एकाच जागी. कारणही एकच. घडून गेलेल्या गोष्टीची रूपं घडीव स्वरूपात वारशाने आलेली. गेला हे संस्कृत गतपासून, आला आगतपासून, केला कृतपासून, मेला मृतपासून, झाला जातपासून. 'जा' आणि 'गेला' हे तर दोन वेगळ्याच धातूंचे, या आणि गम् यांचे; मराठीने एकाचा वर्तमान घेतला, दुसऱ्याचा भूत, आणि संसार थाटला. स्पॅनिशचे इसे, दिखे, फुई असेच लॅटिनकडून घडीव आलेले. उलट सवयीचा भूतकाळ दोन्ही भाषांत वर्तमानातल्या धातूला शेपूट लावून होतो. शेपूट लावायचं म्हटल्यावर मोडतोड कशाला होईल?

आपल्या शेपटाची तर मजा अशी की ते मुळात भूतकाळाचं नव्हेच. ज्ञानेश्वरांच्या मराठीत करी म्हणजे बहुधा 'करतो'. संस्कृत करोति, प्राकृत करइ, मराठी करी, हा सरळ वर्तमानकाळ. पुढे करत-पासून बनलेलं 'करतो' आलं आणि वर्तमानकाळ त्याने बळकावला. करी मागे सरकत सरकत भूतकाळात जाऊन बसलं, तेही 'नेहमी करत असे' एवढ्याच कोपऱ्यात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या ग्रंथात ही वाटचाल मांडली; त्याचं वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं भाषांतर 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ साली आलं. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त याला ई-आख्यात म्हटलं आणि त्याच्या शेजारीच ईलाख्यात ठेवलं. कारण जाई अधिक ल म्हणजे जाईल, बसे अधिक ल म्हणजे बसेल. भविष्यकाळही त्याच जुन्या वर्तमानावर उभा आहे. एकाच रूपाचा एक पाय मागे, एक पुढे.

मराठीतले अनियमित कोण, मग? आहेत, पण थोडे आणि सूक्ष्म. दामल्यांच्या काळच्या शिस्तीत अकर्मक धातूला ए लागे, सकर्मकाला ई: तो बसे, तो उठे, पण तो करी, तो मारी. स्वरान्त धातूंना, कर्म असो वा नसो, ई: जाई, येई. आणि या शिस्तीतून सटकलेले काही. म्हणणे, शिकणे, बोलणे, विसरणे. कर्म घेतात, तरी म्हणे, शिके, बोले, विसरे. यातली गंमत बघा, भूतकाळातही हे 'ने' घेण्याचं टाळतात: मी शिकलो, मी बोललो, मी विसरलो. 'मी केलो' म्हणणार नाही, 'मी शिकलो' म्हणू. म्हणजे हे धातू दोन्ही भूतकाळांत अकर्मकांच्या पंगतीत जाऊन बसतात. चुकार खरे, पण एकमेकांशी इमान राखून.

करीलच्या ई वरून मला एक कबुली द्यायची आहे. 'तो करेल' असं लिहिणाऱ्या मुलांचा मी वर्षानुवर्षं अर्धा गुण कापला. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे सकर्मकाला ई, म्हणून करील. आज वर्तमानपत्रांतही करेल छापतात आणि कुणाला खुपत नाही. घरी मात्र मी रोज काय ऐकत होतो? 'थो करे', 'ते मारे'. आमच्याकडच्या बोलण्यात ए आणि ई हा भेद कधीचाच मिटलेला. शहरातल्या मराठीने ए कडे जायला आत्ता सुरुवात केली, भंडाऱ्याची आजी आधीच पोचली होती. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तिच्या साहित्यासाठी मंडळ आणि संमेलनं उभी केली. त्यांच्यामुळे निदान एवढं झालं की 'पानी' म्हणणाऱ्या पोराला आता प्रत्येक गुरुजी अशुद्ध म्हणत नाही. मी म्हणत असे. इथे 'म्हणालो' लिहिलं असतं तर एकदाच झालं असं वाटलं असतं. दुर्दैवाने रीती भूतकाळच बरोबर आहे.

पुण्या-मुंबईच्या बोलण्यातून करी, जाई ही रूपं उठली. तिथे आता सगळा कारभार 'करायचा, जायचा'वर चालतो. का उठली असावीत याचा माझा अंदाज असा. 'आम्ही'चं रूप घ्या: आम्ही जाऊ. याचा अर्थ काय? 'आम्ही जात असू' हा जुना अर्थ, पण कानाला 'चला, जाऊ या' ऐकू येतं. 'तुम्ही बसा' म्हणजे तुम्ही बसत होता की बसा म्हणून आज्ञा? दोन पुरुषांत अशी गफलत झाल्यावर तिसऱ्यावर रूप किती दिवस तगेल? आमच्याकडे 'आमी जाओ' असं वेगळं वळण घेऊन किंवा 'जात जाय' असा जोड देऊन ते तगलं. पुस्तकी मराठीत कथेपुरतं आणि कवितेपुरतं उरलं.

पूर्ण गेलं मात्र नाही. नकारात लपून आहे. तुमसरच्या एसटीत बसून बघा. ड्रायव्हर चावी फिरवतो आहे, बस सुरू होईना. मागच्या सीटवरचं पोर रडतंय, काही केल्या झोपेना. खिडकी उघडेना. यात व्याकरणातला जुना शब्द कुणाला दिसत नाही, पण होईना म्हणजे होई अधिक ना, झोपेना म्हणजे झोपे अधिक ना. मुंबईतही म्हणतात, पुण्यातही म्हणतात. 'बस सुरू झाली नाही' ही बातमी झाली; 'सुरू होईना' म्हटलं की आपण सगळे त्या बसमध्ये घामाघूम बसलेले असतो. स्पॅनिश माणूसही या जागी अपूर्ण भूतकाळच वापरेल: नो आर्रांकाबा.

दुसरं लपलेलं रूप म्हणजे म्हणे. 'त्याला नोकरी लागली म्हणे.' कोण म्हणे? कुणीच नाही, गाव म्हणे. क्रियापदाची सगळी हाडं गळून पडली आणि फक्त 'मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे' एवढा अर्थ उरला. वर सांगितलेल्या चुकारांमधलाच हा एक. ई च्या जागी ए घेतला म्हणून अनियमित ठरला, आणि आज सगळ्यात जास्त वापरात तोच आहे.

परदेशी व्याकरणाचा साचा मराठी-कोकणीवर पहिल्यांदा बसला तो गोव्यात. ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमधून लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यातही या काळाचे चुकार मोजकेच, स्पॅनिशहून एकानेच जास्त, म्हणजे चार. तिथेही एरा आहेच.

ग्रिअर्सनसाहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यांनी प्रत्येक बोलीतून एकच गोष्ट भाषांतरित करून मागवली: बायबलमधल्या उधळ्या मुलाची. ही निवड व्याकरणाच्या नजरेने मला फार हुशारीची वाटते. त्या गोष्टीत बहुतेक सगळं एकेकदा घडतं: मुलगा वाटा मागतो, निघून जातो, पैसा उडवतो, परत येतो. पण मध्ये एक जागा आहे. दुष्काळ पडलेला, पोरगा डुकरं राखतो आहे, डुकरं खातात ते खावंसं त्याला वाटतं, आणि त्याला कुणी काही देत नाही. हे एका दिवसाचं नाही, रोजचं आहे. इथे आल्यावर कुठल्याही बोलीला आपला रीती भूतकाळ काढून दाखवावाच लागतो. कोकणापासून झाडीपर्यंतचे नमुने घेऊन फक्त हे एक क्रियापद वाचत गेलं तरी मराठीत सवयीचा काळ कुठे कसा बोलला जाई याचा नकाशा हाती येतो. स्पॅनिशमध्ये याच जागी दाबा येतं, देणे या धातूचं अगदी सरळ रूप. देणे हा दुसऱ्या भूतकाळात तिथेही वाकडाच, आपल्या 'दिला'सारखा.

जिथे मराठी कमी पडते तेही तिला सांगितलं. सेरच्या दोन भूतकाळांसाठी, एरा आणि फुए यांसाठी, आपल्याकडे पुष्कळदा एकटं 'होता' असतं. 'आजोबा उंच होते', इथे एरा. 'ते दोन वर्षं सरपंच होते', इथे फुए, कारण मुदत सांगितली, सुरुवात आणि शेवट बांधला. मराठीत दोन्हीकडे 'होते'. कधी 'झाला' मदतीला येतो: सभा चांगली झाली हे फुए. पण दर वेळी येईलच असं नाही. तेव्हा इथे मात्र मराठीवर भिस्त ठेवून चालणार नाही. पुस्तकाची ती सहा पानं उघडावी लागतील. भाचीने मान डोलावली आणि पुस्तक उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजीला स्पॅनिशमधलं वाक्य वाचून दाखवलं. योबिआ, येनाबा, इबान, रोंपिओ. आई तांदूळ निवडत होती. सुपातली नजर न काढता तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"पार फुटली ते आलं का त्यात?"

"आलं ना. से रोंपिओ."

"अन् रात?"

"तेही. एका रात्री, असं लिहिलंय."

"तसं लिवू नोको," आई म्हणाली. "रात म्हनतो आमी, पन पहाट होती. कोंबडा आरडला होता."

भाचीने पेन काढलं. गेलेल्या वेळेविषयी किती वाजले होते, पहाट होती की दुपार, हे सांगायचं तर स्पॅनिशमध्ये नेहमी अपूर्ण काळच लागतो, आणि क्रियापद लागतं सेर. 'एका रात्री' खोडून तिने वर बारीक अक्षरात लिहिलं: एरा दे माद्रुगादा. पहाट होती.